अंड्यांजवळचा खिळा

मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून, मग ते गाव कयाधूच्या काठचे असो वा औंढा-सेनगावकडील माळावरचे, कोंबडी खुडूक झाली म्हणजे तिला अंड्यांवर बसविण्याची एक जुनी रीत आढळते. एखाद्या पाटीत भुसा किंवा राख पसरून तीवर दहा-बारा अंडी मांडावयाची, आणि अंड्यांच्या शेजारी कोळशाचा एक तुकडा, एखादी सुकी लाल मिरची व एक लोखंडी खिळा ठेवावयाचा. खिळा न मिळाला तर विळ्याचे मोडके पातेही चालते. याचे प्रयोजन विचारले असता घरातील वृद्ध स्त्री सांगते की, आभाळात वीज कडाडली म्हणजे अंड्यांतील जीव मरतो. लोखंड जवळ असले म्हणजे त्यास धक्का पोहोचत नाही.

शहरातील मनुष्यास ही समजूत गमतीची वाटेल. परंतु ज्या घरात ती पाळली जाते, तेथे बारा अंडी ही थट्टेची वस्तू नसते. कोंबड्यांचा पैसा हा बहुधा घरच्या बाईचा पैसा असतो. मुलाची वही, औषधाची पुडी, माहेरी जावयाचे गाडीभाडे, हे त्यातून निघते. कोंबडी एकवीस दिवस अंड्यांवर बसते, पुढे महिना-दीड महिना पिल्लांमागे हिंडते, आणि तेवढे दिवस अंडी देण्याचे बंद ठेवते. इतके करून बारांतून चारच पिल्ले निघाली तर ती हानी लहान नव्हे, आणि तिचे कारण शोधावयास मन धावते यात नवल नाही.

आश्चर्याची गोष्ट ही की, हाच खिळा रोमन लोकांच्या घरांतही होता. इ. स. ७९मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात मरण पावलेला प्लिनी हा ग्रंथकार आपल्या सृष्टीविषयक बृहद्ग्रंथात सांगतो की, कोंबडी बसली असता गडगडाट झाला तर अंडी नासतात. त्यावर उपाय म्हणजे अंड्यांखालील काडात लोखंडी खिळा ठेवावा, अथवा नांगराच्या फाळास लागलेली माती ठेवावी. रोमहून ही रीत कयाधूकाठी आली, की दोन्हीकडील शेतकऱ्यांस ती स्वतंत्रपणे सुचली, हा निर्णय लोकरीतींच्या अभ्यासकांनी करावा. येथे विचार करावयाचा तो निराळ्या प्रश्नाचा. वीज, लोखंड आणि अंडे ही जी त्रयी आजीबाईने एका पाटीत मांडली, तिच्यात काही शास्त्रीय संबंध आहे काय?

मराठीत आकाशात चमकते तीही वीज आणि तारेतून वाहते तीही वीज. हा शब्द अगदी योग्य आहे, कारण दोन्ही ठिकाणी वस्तू एकच, विद्युत्प्रवाह. आणि जेथे प्रवाह वाहतो तेथे त्याच्या भोवती चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होते, ही गोष्ट डेन्मार्कमधील ओर्स्टेड या अध्यापकाने १८२० साली दाखवून दिली. तारेजवळ होकायंत्र नेले, तो तारेत प्रवाह सुरू होताच त्याची सुई हलली. तेव्हा गावातील ज्या रोहित्रास लोक डीपी म्हणतात, त्याच्या भोवती, शेतावरून गेलेल्या तारांखाली, पाण्याच्या मोटारीजवळ, सर्वत्र थोडेबहुत चुंबकीय क्षेत्र असतेच. खुराडे अशा ठिकाणी असले तर अंड्यांवर त्याचा काही परिणाम होतो काय, हा प्रश्न आजीबाईच्या प्रश्नाचा नातू म्हणावयास हरकत नाही.

प्रथम हे ध्यानात घ्यावयास हवे की, चुंबकीय क्षेत्रावाचून असलेले अंडे जगात कोणत्याही कोंबडीने घातलेले नाही. पृथ्वी हीच एक मोठा चुंबक आहे. तिचे क्षेत्र मायक्रोटेस्ला नावाच्या मापाने मोजतात, आणि हिंगोलीच्या आसपास ते ४० ते ४५ मायक्रोटेस्लांच्या दरम्यान भरते. हे क्षेत्र जवळजवळ स्थिर असते. दिवसातून जो फेर पडतो तो अत्यल्प, आणि तो मोजण्यास फार नाजूक उपकरणे लागतात.

ती उपकरणे किती नाजूक, याचा दाखला महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आहे. मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत असे. पुढे शहरात घोड्यांच्या ट्रामगाड्या जाऊन विजेच्या गाड्या येणार असे ठरले. त्या गाड्यांच्या प्रवाहाने उत्पन्न होणारे क्षेत्र नोंदी बिघडवील हे ओळखून वेधशाळेचे प्रमुख नानाभॉय मूस यांनी खाडीपलीकडे अलिबाग येथे नवी वेधशाळा उभारविली. ती १९०४मध्ये सुरू झाली, व १९०६पर्यंत दोन्ही ठिकाणच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहण्यात आल्या. विजेची ट्राम मुंबईत धावली ती १९०७ साली. म्हणजे रोग येण्यापूर्वीच पथ्य सांभाळले गेले, असे उदाहरण आपल्याकडे विरळाच. अलिबागची ती इमारत लोखंड वर्ज्य करून बांधलेली आहे. आजीबाईचा खिळा तेथे दारातच अडविला जाईल.

या हकिकतीवरून एक भेद स्पष्ट होतो. पृथ्वीचे क्षेत्र बलवान पण स्थिर. माणसाच्या विजेचे क्षेत्र बहुधा दुर्बल पण चंचल. घरच्या विजेचे क्षेत्र सेकंदास पन्नास वेळा आपली दिशा उलटसुलट करते. आणि बदलते चुंबकीय क्षेत्र ज्या ज्या वाहक पदार्थातून जाते, त्याच्यात ते सूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न करते. अंड्याचा आतला भाग पाणी व क्षार यांनी भरलेला, म्हणजे वाहकच आहे. शंका घेण्यास जागा आहे ती येथे.

ही शंका परीक्षेस लावण्याकरिता कोंबडीचे अंडे शास्त्रज्ञांनी का निवडले, हे अंड्याच्या आत डोकावल्याशिवाय कळणार नाही. ताजे सजीव अंडे फोडून पाहिले तर पिवळ्या बलकावर एक पांढरट ठिपका दिसतो. त्यात त्या वेळीच हजारो पेशी असतात, पण त्या निद्रिस्त असतात. साडेसदतीस अंशांच्या आसपास ऊब मिळाली की त्या जाग्या होतात. पहिल्या चोवीस तासांत पाठीची व मेंदूची रेघ उमटते. दुसऱ्या दिवशी, बहुधा चाळीस तासांच्या आतबाहेर, हृदयाचा ठोका पडू लागतो. अठ्ठेचाळीस तास झाले म्हणजे रक्तवाहिन्यांचे जाळे, मेंदूचे फुगवटे आणि डोळ्यांचे आरंभ ओळखता येतात. घराचा पाया व खांब उभारण्याचा हा काळ. या दोन दिवसांत झालेली चूक पुढे दुरुस्त होणे कठीण. शिवाय अंडे स्वस्त असते आणि त्यातील गर्भ आईच्या पोटात दडलेला नसतो. म्हणून गर्भास अपाय होतो की नाही हे पाहावयाचे झाले की शास्त्रज्ञांचा हात अंड्याकडे वळतो, आणि हे ॲरिस्टॉटलच्या काळापासून चालत आले आहे.

१९८२ साली स्पेनमधील माद्रिद येथून एक निबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या कर्त्यांत होसे डेलगाडो हे नाव होते. याच गृहस्थांनी १९६३मध्ये अंगावर धावून येणाऱ्या बैलास, त्याच्या मेंदूत बसविलेल्या तारांस रेडिओने संदेश पाठवून जागच्या जागी थांबविले होते. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक कामाकडे जगाचे लक्ष असे. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अंडी अठ्ठेचाळीस तास तारेच्या वेटोळ्यात ठेवली, आणि त्या वेटोळ्यातून सेकंदास दहा, शंभर व हजार असे विजेचे स्पंद सोडले. क्षेत्राचे बळ ०.१२, १.२ आणि १२ मायक्रोटेस्ला असे तीन प्रकारचे होते. अंडी उघडून पाहता अनेक गर्भांची वाढ मागे पडलेली किंवा विकृत झालेली दिसली. विशेष म्हणजे सर्वांत अधिक बिघाड सर्वांत बलवान क्षेत्राने झाला नव्हता. तो मधल्या, म्हणजे सेकंदास शंभर स्पंदांच्या १.२ मायक्रोटेस्लाच्या क्षेत्राने झाला होता. विष जितके अधिक तितका अपाय अधिक, हा नेहमीचा हिशेब येथे जुळेना.

१.२ मायक्रोटेस्ला म्हणजे पृथ्वीच्या स्वतःच्या क्षेत्राचा पस्तीसावा-चाळीसावा हिस्सा. एवढ्याशा बळाने गर्भ बिघडत असेल तर विजेच्या तारेखाली राहणारी माणसे, पडद्यासमोर बसून काम करणाऱ्या गर्भवती स्त्रिया, या सर्वांच्याच जीविताचा प्रश्न उभा राहत होता. १९७९मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर शहराच्या एका पाहणीने विजेच्या तारांचा व मुलांच्या रक्तकर्करोगाचा संबंध सुचविला होताच. त्यामुळे माद्रिदच्या अंड्यांनी फार मोठी काळजी उत्पन्न केली. दोनच वर्षांनी, १९८४मध्ये, अमेरिकेतील संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा केला आणि आपणास असा काही परिणाम आढळला नाही असे जाहीर केले. इतर काही ठिकाणी परिणाम दिसला, काही ठिकाणी दिसला नाही. एकजण म्हणे दूध, दुसरा म्हणे ताक.

अशा वेळी वाद घालण्यापेक्षा सर्वांनी एकाच मापाने मोजून पाहावे, हा मार्ग शहाणपणाचा असतो, आणि सुदैवाने तोच पत्करण्यात आला. कॅनडा, स्पेन, स्वीडन व अमेरिका या चार देशांतील सहा प्रयोगशाळा एकत्र आल्या. या उपक्रमास त्यांनी 'हेनहाऊस', म्हणजे सरळ मराठीत 'खुराडे', असे नाव दिले. प्रत्येकीस एकाच बनावटीच्या दोन उबवण पेट्या देण्यात आल्या. दोन्ही पेट्यांत तारेची वेटोळी होती, दोन्हींत उष्णता, हवेतील ओल व कंप मोजण्याची साधने होती. एका पेटीतील वेटोळ्यास प्रवाह द्यावयाचा, दुसरीतील वेटोळे तसेच निर्जीव ठेवावयाचे. दोहोंत दहा-दहा अंडी, अठ्ठेचाळीस तास. पुढच्या खेपेस पेट्यांची अदलाबदल करावयाची, म्हणजे पेटीचाच काही दोष असला तर तो दोन्ही पारड्यांत सारखा पडावा. असे प्रत्येक ठिकाणी दहा वेळा. शेवटी अंडी उघडून गर्भ तपासणाऱ्यास, हे अंडे कोणत्या पेटीतले, हे सांगावयाचे नाही. सहा ठिकाणांची मिळून बाराशे अंडी झाली.

ही काळजी वाचून कोणास वाटेल की अंड्यांसाठी एवढा खटाटोप कशास? परंतु सर्व मर्म त्यातच आहे. वेटोळ्यातून प्रवाह गेला की तार किंचित तापते. पेटीतील उष्णता अर्ध्या अंशाने वाढली तरी गर्भाच्या वाढीचा वेग बदलतो, आणि तो फरक चुंबकाच्या खात्यावर लिहिला जातो. वेटोळे गुणगुणते, त्याचा कंप अंड्यास लागतो. आणि मनुष्याचे मन तर सर्वांत मोठे वेटोळे; ज्यास बिघाड हवा आहे त्यास तो दिसू लागतो.

या सहा प्रयोगशाळांचा निकाल १९९० साली प्रसिद्ध झाला. सहापैकी पाच ठिकाणी चुंबकीय क्षेत्रातील गर्भांत विकृती अधिक आढळल्या. पण तो फरक योगायोगाने पडला नसावा असे खात्रीने म्हणता येईल, इतका मोठा केवळ दोन ठिकाणी होता. सर्व आकडे एकत्र केले तेव्हा साध्या अंड्यांत शेकडा सुमारे १९ गर्भ सदोष निघाले, तर क्षेत्रातील अंड्यांत शेकडा सुमारे २५. एकत्रित संख्येवर हा फरक योगायोगाचा वाटत नाही. मात्र एका प्रयोगशाळेत फरक ठळक आणि दुसरीत जवळजवळ नाही, असे का व्हावे, याचे उत्तर त्या संशोधकांपाशी नव्हते, आणि तसे त्यांनी स्वच्छ लिहून ठेवले. त्यांच्या निबंधातील अधिक आदरणीय भाग कोणता असे विचारल्यास तो हा कबुलीजबाबच होय.

साध्या अंड्यांतही शेकडा १९ गर्भ सदोष, हा आकडा वाचकांनी नजरेआड करू नये. ज्या अंड्यांस कोणी हात लावला नाही, कोणता प्रवाह दिला नाही, त्यांतही जवळजवळ पाचवा हिस्सा दोन दिवसांच्या तपासणीत दोषी ठरतो. आता पाटीत दहा अंडी आहेत असे समजावे. चुंबकाशिवाय त्यांतील दोन बिघडतील, चुंबकासह अडीच. अर्धे अंडे काही बिघडत नाही. म्हणून कधी दोन, कधी तीन, कधी एक, कधी चार असे दिसणार. एका कोंबडीखालच्या दहा अंड्यांवरून चुंबकाचा, खिळ्याचा किंवा विजेचा गुणदोष ठरविणे म्हणजे एका दिवसाच्या पावसावरून नक्षत्राचे भाकीत करण्यासारखे आहे. १९ व २५ यांतील भेद डोळ्यांस दिसावयाचा तर अंडी शेकड्यांनी मोजावी लागतात.

एकाच ठिकाणच्या पुराव्यावर विसंबू नये, हे तत्त्व हिंगोली जिल्ह्यास आता फारसे परके राहिलेले नाही. औंढा नागनाथजवळ 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरी टिपणारी प्रचंड वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३मध्ये मान्यता दिली. अमेरिकेत अशा दोन वेधशाळा आहेत आणि त्यांच्यात सुमारे तीन हजार किलोमीटरांचे अंतर आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी जी लहर प्रथम पकडली गेली ती दोन्ही ठिकाणी, सेकंदाच्या हजाराव्या भागांनी मोजण्याइतक्या अंतराने उमटली, म्हणूनच ती खरी मानली गेली. एकाच ठिकाणी उमटली असती तर रस्त्यावरच्या ट्रकचा हादरा म्हणून तिची संभावना होण्याचा संभव होता. आकाशाच्या पलीकडची लहर असो की अंड्यातील ठिपका असो, साक्षीदार एकाहून अधिक लागतात.

१९९७ साली अमेरिकेतूनच आणखी एक मोठा निबंध आला. त्यात व्हाइट लेगहॉर्न जातीच्या अडीच हजारांहून अधिक गर्भांची तपासणी होती, आणि ते काम अनेक हंगाम चालले होते. एकंदर पाहता क्षेत्रातील अंड्यांत विकृती अधिक आढळल्या, परंतु हा परिणाम सर्व हंगामांत सारखा नव्हता. संशोधकांचा तर्क असा की, अंडी ज्या कळपातून आली त्याच्या आनुवंशिक घडणीवर तो अवलंबून असावा. एका आईची अंडी सोशिक, दुसरीची हळवी. हा तर्क खरा असेल तर सहा प्रयोगशाळांतील मतभेदाचाही काहीसा उलगडा होतो. तथापि तर्क तो तर्क.

आता राहिला पिल्ले निघण्याचा व त्यांच्या वाढीचा प्रश्न. वर सांगितलेले प्रयोग दोन दिवसांचे; उबवणी एकवीस दिवसांची. संपूर्ण उबवणीभर किंवा तीतील काही तास अंडी चुंबकीय क्षेत्रात ठेवून पुढे पिल्ले किती निघाली, किती वजनाची निघाली, हे पाहणारे प्रयोगही अनेक देशांत झाले आहेत. त्यांपैकी काहींत पिल्ले कमी निघाली, काहींत फरक पडला नाही, आणि काहींत चक्क सुधारणा झाल्याचा दावा आहे. क्षेत्राचे बळ, ते स्थिर की बदलते, अंडी किती वेळ ठेवली, यांत एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही; त्यामुळे त्यांची बेरीज करता येत नाही.

असा एखादा दावा कानी आला तर दोन गोष्टी अवश्य विचाराव्या. पहिली, अंडी बसविण्यापूर्वी ती तोलली होती काय? नुकत्याच निघालेल्या पिल्लाचे वजन अंड्याच्या वजनाच्या साधारण दोन-तृतीयांश असते. साठ ग्रॅमच्या अंड्यातून चाळीस ग्रॅमचे पिल्लू, पंचेचाळीस ग्रॅमच्या गावरान अंड्यातून तीस ग्रॅमचे. चुंबकाच्या पेटीत मोठी अंडी गेली असली तर पिल्ले मोठी निघणारच. त्यात चुंबकाची करामत ती काय? दुसरी गोष्ट, पिल्ले पुढे एकत्र वाढविली काय? सहा आठवड्यांच्या पिल्लाचे वजन त्याची जात, दाणा, पाणी, ऊब आणि रोगप्रतिबंधक लस यांनी ठरते. एका गटास घरासमोरचे अंगण व दुसऱ्यास मागची अंधारी खोली, असे झाले तर तुलना व्यर्थ होय. चुंबकाच्या पट्ट्या लावून पिल्ले लवकर काढून देतो असे सांगणारा विक्रेता दारी आला तर त्याच्यापुढे हे दोन प्रश्न ठेवावे, आणि उत्तर येईपर्यंत पैशाची पिशवी बंद ठेवावी.

मग तारेखालच्या खुराड्याचे काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे उच्च दाबाच्या मोठ्या तारांच्या अगदी खाली क्षेत्राचे बळ २० मायक्रोटेस्लांपर्यंत जाऊ शकते, आणि तारांपासून दूर जावे तसे ते झपाट्याने घटते. माणसांसाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाने २०१० साली सुचविलेली मर्यादा ५० आवर्तनांच्या विजेसाठी २०० मायक्रोटेस्ला आहे. वाचकांच्या मनात येईल की, प्रयोगशाळेत एका मायक्रोटेस्लाने गर्भ बिघडतो असे दिसले, तर तारेखालच्या विसांनी काय होणार नाही! येथे पुन्हा तोच भेद उपयोगी पडतो. सहा प्रयोगशाळांतील स्पंद लहान असला तरी तो सेकंदाच्या पाच लाखाव्या हिश्श्यात शून्यापासून पूर्ण बळास पोहोचत असे. तारेतील वीज सौम्य लाटेप्रमाणे चढते व उतरते. हिशेब केला तर तारेखालच्या २० मायक्रोटेस्लांच्या लाटेपेक्षा त्या स्पंदाची चढण पन्नास पटींहून अधिक वेगवान ठरते, आणि अंड्यात उत्पन्न होणारा प्रवाह या वेगावर अवलंबून असतो. म्हणून एका ठिकाणचा निष्कर्ष दुसऱ्या ठिकाणी उचलून लावता येत नाही. खुराडे डीपीपासून दूर बांधावे हे बरे. पण त्याचे पहिले कारण तुटलेली तार व ठिणगी हे आहे, चुंबक नव्हे.

हिंगोलीच्या कोंबडीची अंडी ज्याने खरोखर नासतात ते कारण मात्र सर्वांच्या डोक्यावर तळपत असते. एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्याची हवा चाळीस अंशांच्या वर जाते, पत्र्याच्या छपराखाली त्याहूनही वर. अंड्यातील निद्रिस्त ठिपका एकवीस अंशांच्या वरच चाळवू लागतो. उन्हाळ्यात फडताळात आठ-पंधरा दिवस जमवून ठेवलेल्या अंड्यांत गर्भ अर्धवट जागा होतो, कधी वाढतो, कधी थांबतो, आणि कोंबडीखाली जाण्यापूर्वीच पुष्कळदा मरून जातो. तेवढ्यात वळवाचा पाऊस येतो, वीज कडाडते. कोंबडी भिजून उठते, अंडी गार पडतात. आठवड्याने अंडे हलवून पाहावे तर आत पाणी. आजीबाईने वीज ऐकली व नासलेले अंडे पाहिले; या दोहोंमधला उन्हाळा तिच्या हिशेबात आला नाही. प्लिनीच्याही आला नसावा.

याकरिता अंडी जमवावयाची ती रांजणाजवळ, ओल्या वाळूवर ठेवलेल्या पाटीत, निमुळते टोक खाली करून जमवावी, आणि सात दिवसांपेक्षा जुनी अंडी बसवू नयेत. सातव्या दिवशी रात्री अंडे दिव्यासमोर धरले असता लाल शिरांचे जाळे दिसले तर गर्भ जिवंत. अंडे स्वच्छ दिसले तर ते निर्बीज समजून काढावे. बचतगटांच्या स्त्रियांनी लहान उबवण यंत्र घेतले असेल तर त्यातील उष्णतामापक अंड्यांच्या उंचीवर असावा, झाकणाजवळ नसावा. अंडी दिवसातून निदान तीनदा फिरवावी, अठराव्या दिवसानंतर फिरवू नयेत, आणि शेवटच्या तीन दिवसांत हवेतील ओल वाढवावी. वीज गेली तर यंत्रावर गोधडी टाकावी. अंड्याच्या दृष्टीने तारेतील विजेचा सर्वांत मोठा अपाय तिच्या असण्यात नसून नसण्यात आहे, हे भारनियमन सोसलेल्या कोणासही पटेल.

तरीही कोंबडीचा व चुंबकाचा काहीच संबंध नाही असे म्हणणे धाडसाचे होईल. २००५ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी पिल्लांस एका लाल चेंडूची माया लावली. पिल्लू त्यासच आई समजे. तो चेंडू पडद्याआड एका ठराविक दिशेस लपवून पिल्लांस तो शोधावयास शिकविले. मग वेटोळ्यांच्या साह्याने चुंबकीय उत्तर दिशा नव्वद अंशांनी फिरविली, तो पिल्लेही त्याच मानाने दुसऱ्या बाजूस जाऊन शोधू लागली. पुढील प्रयोगांत असेही दिसले की निळ्या प्रकाशात त्यांस ही दिशा कळते, तांबड्यात कळत नाही. हजारो मैल उडणाऱ्या पक्ष्यांस चुंबकाचे ज्ञान असते हे ठाऊक होते. उकिरड्यापलीकडे न जाणाऱ्या कोंबडीच्या पिल्लासही ते असावे, याची कल्पना फारशा कोणास नव्हती.

खिळ्याची परीक्षा मात्र अद्याप कोणासही घरी करता येण्याजोगी आहे. एका गावातील पंचवीस-तीस घरांनी ठरवावे. निम्म्या पाट्यांत खिळा, निम्म्यांत नाही, आणि कोणत्या पाटीत तो ठेवावयाचा हे नाणे उडवून ठरवावे. अंड्यांवर पेन्सिलीने तारीख लिहावी, निघालेली पिल्ले शाळेतील मुलांनी वहीत मोजून लिहावी, आणि दोन-तीन पावसाळे हे चालवावे. तोवर खिळा पाटीत राहिला तरी अंड्यांचे काही बिघडणार नाही. फक्त तो टोकदार नसावा आणि भुशाच्या तळाशी असावा. कारण कोंबडी चोचीने अंडी फिरविते त्या वेळी कवचास टोक लागून तडा जातो, आणि तडा गेलेले अंडे निश्चितपणे नासते.